मोटारीचें ॲव्हरेज : एका आंकड्याचा इतिहास

नवी मोटार दारांत उभी राहिली कीं पेढे हातावर पडण्याच्या आधींच शेजारी एक प्रश्न विचारतात. तो रंगाविषयीं नसतो आणि किंमतीविषयींहि नसतो. "ॲव्हरेज किती देते?" हा तो प्रश्न. शब्दाकडे जरा निरखून पाहिलें तर हा प्रश्न मोठा चमत्कारिक आहे. ॲव्हरेज म्हणजे सरासरी. पण सरासरी कशाची? कोणत्या रस्त्याची, कोणाच्या पायाची, कोणत्या ऋतूची? हें कोणी विचारीत नाहीं. मालक 'अठरा' म्हणून सांगतो, शेजारी मान डोलवितो, आणि कंपनीच्या जाहिरातींत चोवीस छापलेले होते हें दोघांच्याहि लक्षांत असून त्याबद्दल कोणी अवाक्षर काढीत नाहीं.

श्रोतेहो, अठरा आणि चोवीस यांमधील या अंतराचा इतिहास आज मला आपणांपुढें मांडावयाचा आहे. तो यंत्रांचा थोडा आणि माणसांचा अधिक आहे. सामान्य कुटुंबाचा रोजचा प्रवास म्हणजे कोणता, आणि तो कोणीं ठरवावयाचा, हा त्यांतील मुख्य वाद. दर महिन्याला पेट्रोलपंपावर मोजल्या जाणाऱ्या नोटा या वादाशीं बांधलेल्या असल्यामुळें त्याला केवळ तांत्रिक म्हणून बाजूस सारतां येत नाहीं.

आरंभीं हा प्रवास मोटारी आणि तेल विकणारेच ठरवीत असत. अमेरिकेंत १९३६ सालीं गिलमोर नांवाच्या तेलकंपनीनें लॉस एंजेलिसपासून योसेमिटीच्या दरीपर्यंत एक शर्यत सुरू केली. ही शर्यत वेगाची नव्हती, काटकसरीची होती. महायुद्धाच्या काळांत ती बंद पडली. पुढें मोबिलच्या नांवानें तिचा मोठा बोलबाला झाला आणि १९६८ पर्यंत ती चालली. गाड्या बाजारांत मिळणाऱ्याच असत, गाडींत निरीक्षक बसे, सारें नियमानुसार होई. पण चाकामागें बसणारे लोक कसलेले असत. उतार दिसला कीं पाय उचलावयाचा, चढ येण्यापूर्वींच सावकाश वेग जमवावयाचा, ब्रेकला होतां होईल तों स्पर्शहि करावयाचा नाहीं, अशी त्यांची साधना. त्यांनीं मिळविलेले आंकडे मग जाहिरातींत झळकत. त्यांत लबाडी होती असें मी म्हणणार नाहीं. पण मैफलींतल्या गवयाचा आंकडा न्हाणीघरांत गाणाऱ्या गृहस्थाच्या गळ्यांत बांधल्यासारखें तें होतें.

मध्यंतरीं युद्धानें लोकांना निराळाच धडा दिला. इंग्लंडांत आणि आपल्याकडेहि पेट्रोलचें रेशनिंग झालें तेव्हां ज्याच्या त्याला आपल्या गाडीचा खरा आंकडा तोंडपाठ झाला, कारण महिन्याचे गॅलन ठरलेले होते. इंग्लंडांत हें रेशनिंग १९५० च्या मे महिन्यापर्यंत टिकलें. टंचाई संपली आणि हिशेबाची वही पुन्हां माळ्यावर गेली.

पुढची पायरी आली ती पेट्रोलच्या चिंतेंतून नव्हे, धुराच्या चिंतेंतून. १९४० नंतरच्या दशकांत लॉस एंजेलिस शहरावर डोळे चुरचुरविणारें धुकें पसरूं लागलें. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विख्यात संस्थेंत आरी हागेन-स्मिट नांवाचे डच रसायनशास्त्रज्ञ त्या वेळीं अननसाच्या सुवासाचें पृथक्करण करीत होते. त्यांनीं तीच कसोटी शहराच्या हवेला लावली, आणि मोटारींचा धूर व तेलाच्या वाफा यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हें धुकें बनतें, असें दाखवून दिलें. मग धूर मोजणें ओघानेंच आलें. धूर मोजावयाचा तर प्रत्येक गाडी अगदीं एकसारखी चालविली गेली पाहिजे. म्हणून लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर एक गाडी फिरवून तिचा वेग क्षणाक्षणाला टिपण्यांत आला, आणि त्या टिपणावरून २२ मिनिटें ५२ सेकंदांचा एक नमुन्याचा प्रवास तयार करण्यांत आला. अंतर सुमारें १२ किलोमीटर, सरासरी वेग ताशीं साडेएकतीस किलोमीटर. गाडी रस्त्यावर न्यावयाचीच नाहीं; प्रयोगशाळेंत तिचीं चाकें फिरत्या लोखंडी रुळांवर ठेवावयाचीं, आणि समोरच्या कागदावर उमटलेल्या रेषेबरहुकूम चालकानें वेग कमीअधिक करावयाचा.

यांत एक मौजेची गोष्ट घडली. त्या काळच्या रुळांना एकाएकीं वाढविलेला वेग झेपत नसे. म्हणून मूळ प्रवासांत चालकानें जेथें जोरानें गाडी दामटली होती तेथें ती रेषा सौम्य करण्यांत आली. सेकंदाला ताशीं ३.३ मैलांहून अधिक वेग वाढतां कामा नये अशी मर्यादा पडली. रुळांच्या सोयीसाठीं माणसाचा उतावळा स्वभाव पुसून टाकला गेला, आणि एक समंजस, शांत चालक कायमचा कागदावर उतरला. त्याची आणि आपली गांठ पुढें वारंवार पडणार आहे.

१९७३ च्या ऑक्टोबरांत अरब तेलउत्पादक देशांनीं अमेरिकेस तेल देण्याचें बंद केलें. कांहीं महिन्यांतच कच्च्या तेलाचें पिंप सुमारें तीन डॉलरांवरून बारा डॉलरांच्या घरांत गेलें. पंपांवर रांगा लागल्या. १९७४ च्या आरंभीं साऱ्या देशाला ताशीं ५५ मैलांची वेगमर्यादा लावण्यांत आली. मग १९७५ च्या डिसेंबरांत अध्यक्ष फोर्ड यांनीं ज्या कायद्यावर सही केली त्यानें मोटारीचें ॲव्हरेज हा सरकारी विषय बनविला. प्रत्येक कारखान्याच्या नव्या मोटारींची सरासरी १९८५ पर्यंत गॅलनला २७.५ मैल, म्हणजे लिटरला ११.७ किलोमीटर व्हावी, असा दंडक घालण्यांत आला. हें त्या वेळच्या सरासरीच्या जवळजवळ दुप्पट होतें. शिवाय विक्रीस ठेवलेल्या नव्या गाडीवर तिच्या आंकड्याची चिठ्ठी लावणें सक्तीचें झालें.

आतां हा आंकडा आणावयाचा कोठून? धुराचा प्रवास तयारच होता. धुरांतला कार्बन मोजला कीं किती पेट्रोल जळलें हें उलट हिशेबानें काढतां येतें. टाकीला हातहि लावावा लागत नाहीं. महामार्गासाठीं पावणेतेरा मिनिटांचा आणखी एक प्रवास त्याला जोडण्यांत आला. त्याचा कमाल वेग ताशीं ६० मैल. अशा रीतीनें, धूर मोजण्यासाठीं एका शहरांत आखलेला प्रवास साऱ्या राष्ट्राच्या घरखर्चाचें माप होऊन बसला.

तक्रारी लगेच सुरू झाल्या. चिठ्ठीवरचा आंकडा घरीं कांहीं केल्या मिळेना. सरकारी खात्यानें प्रत्यक्ष वापरांतल्या गाड्यांचे हिशेब तपासले आणि १९८५ सालच्या गाड्यांपासून शहराच्या आंकड्यांतून शेंकडा १० व महामार्गाच्या आंकड्यांतून शेंकडा २२ कापून चिठ्ठी लिहावी असें ठरविलें. पण हा कात्रीचा प्रयोग केवळ गिऱ्हाइकाच्या चिठ्ठीवर झाला. कारखानदारांना कायदा लावतांना जुनाच, न कापलेला आंकडा धरावयाचा, असें राहिलें. एकाच गाडीचीं दोन ॲव्हरेजें झालीं : एक दरबारीं, दुसरें घरीं. मला वाटतें, या साऱ्या इतिहासांतील सर्वांत प्रांजळ आणि सर्वांत अप्रांजळ अशी गोष्ट हीच.

५५ मैलांची राष्ट्रीय मर्यादा १९९५ मध्यें उठली, गाड्या वेगानें धांवूं लागल्या, घरोघरच्या मोटारींत वातानुकूलन आलें, आणि कापलेला आंकडाहि पुन्हां फुगीर ठरूं लागला. २००८ सालच्या गाड्यांपासून अमेरिकेंत एका चाचणीऐवजीं पांच प्रकारच्या चाचण्यांवरून चिठ्ठी लिहिण्यांत येऊं लागली. याचा परिणाम पाहावयाचा तर टोयोटा प्रियसचें उदाहरण घ्यावें. काटकसरीबद्दल जगभर नांवाजलेली ही गाडी. २००७ सालीं तिच्या चिठ्ठीवर शहरासाठीं गॅलनला ६० मैल होते. २००८ सालीं ४८ आले. गाडी तीच होती. बदलला होता तो आपला कागदावरचा चालक. तो आतां ताशीं ८० मैलांपर्यंत जाऊं लागला, उन्हाळ्यांत गार हवेचें बटण दाबूं लागला, आणि कडाक्याच्या थंडींत सकाळीं गाडी सुरू करूं लागला.

युरोपची कथा याहून उद्बोधक आहे, कारण तेथें हा चालक दीर्घ काळ म्हातारा झालाच नाहीं. १९७० च्या सुमारास आखलेलें शहरी चक्र, आणि पुढें त्याला जोडलेला महामार्गाचा एक तुकडा, मिळून १,१८० सेकंदांचा, सुमारें ११ किलोमीटरांचा प्रवास. त्यांत उभ्या गाडीस ताशीं ५० किलोमीटर वेग गांठावयास २६ सेकंद दिलेले होते. श्रोतेहो, हिरवा दिवा लागल्यावर कोणी इतक्या सावकाश निघेल तर मागचे लोक भोंगे वाजवून त्याचा जीव नकोसा करतील! ताशीं १२० चा वेग साऱ्या प्रवासांत अवघे दहा सेकंद. तरी पुष्कळ वर्षें त्यानें फारसें कोणाचें बिघडलें नाहीं, कारण आंकड्यावर पैसा अवलंबून नव्हता. मग इंग्लंडनें २००१ पासून नव्या गाड्यांचा वार्षिक कर धुरांतील कार्बन-डाय-ऑक्साइडच्या प्रमाणांत लावला, फ्रान्सनें २००८ पासून कमी धुराच्या गाड्यांना बक्षीस व अधिक धुराच्यांना दंड ठेवला, आणि २००९ मध्यें युरोपीय संघानें कारखानदारांवर बंधन घातलें. आंकडा एकेका ग्रॅमनें खालीं आणला कीं पैसे वांचूं लागले.

आणि तो खालीं आला, पण प्रयोगशाळेंत. चाचणीच्या गाडीच्या फटी चिकटपट्टीनें बुजवाव्या, चाकांत हवा जास्त भरावी, बॅटरी आधींच पूर्ण भरून ठेवावी म्हणजे इंजिनाला तिचें ओझें नको, सवलतीची शेंकडा चारची जी मोकळीक होती ती घ्यावी. यांतलें बरेंचसें नियमांच्या अक्षरांत बसत होतें. या युक्त्यांचें बिंग फुटलें तें कोणा मोठ्या यंत्रानें नव्हे. जर्मनी आणि इतर देशांतील हजारों मोटारधारकांनीं टाकी भरतांना स्वतः लिहून ठेवलेल्या नोंदी, भाड्यानें गाड्या देणाऱ्यांचीं पेट्रोलचीं बिलें, असा सामान्य कागद इंटरनॅशनल कौन्सिल ऑन क्लीन ट्रान्सपोर्टेशन या संस्थेनें गोळा केला आणि सरकारी आंकड्यांशेजारीं मांडला. २००१ मध्यें प्रत्यक्ष खर्च सरकारी आंकड्याहून सरासरी शेंकडा ९ अधिक होता. २०१५ मध्यें तो शेंकडा ४२ अधिक झाला होता. म्हणजे कागदावर झालेली बचत पुष्कळशी कागदावरच राहिली. २०१७ च्या सप्टेंबरपासून युरोपनें नवें चक्र लागू केलें. तें अर्ध्या तासाचें, सव्वातेवीस किलोमीटरांचें व ताशीं १३१ किलोमीटरपर्यंत जाणारें आहे.

उघड अपराधहि झाले, पण त्यांत फार वेळ घालवीत नाहीं. रुळावरच्या गाडीला रस्त्याचा आणि वाऱ्याचा किती विरोध द्यावा हें ठरविण्यासाठीं ती आधीं मोकळ्या रस्त्यावर वेगांत नेऊन न्यूट्रलमध्यें सोडून देतात आणि ती किती वेळांत मंदावते तें मोजतात. ह्युंदाई व किया या कंपन्यांनीं अनुकूल वाऱ्यांतलीं व सोयीच्या हवेंतलीं मापें निवडून दिलीं असें अमेरिकन सरकारनें २०१२ मध्यें उघडकीस आणलें. २०१४ मध्यें त्यांनीं १० कोटी डॉलर दंड भरण्याचें मान्य केलें. जपानांत मित्सुबिशीनें २०१६ मध्यें कबूल केलें कीं, आपण १९९१ पासून नियमांत न बसणाऱ्या रीतीनेंच हें माप काढीत होतों.

आतां आपल्या अंगणांत येऊं. ॲम्बॅसडर ही मॉरिस ऑक्सफर्डची मुलगी, आणि कुर्ल्याच्या कारखान्यांतील पद्मिनी ही जुन्या फियाटची. या दोघींच्या राज्यांत गिऱ्हाइकाला नंबर लावून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. ज्याला गाडी मिळणें हेंच भाग्य, तो ॲव्हरेज कशाला विचारील? १४ डिसेंबर १९८३ रोजीं मारुती ८०० पहिल्या गिऱ्हाइकांच्या हातीं पडली, आणि ७९६ घनसेंटिमीटरांच्या त्या लहानशा इंजिनानें हा प्रश्न मध्यमवर्गाच्या घरांत आणून सोडला. तो अद्याप गेलेला नाहीं.

जाहिरातींत आंकड्याखालीं बारीक टाइपांत ज्या संस्थेचें नांव पुष्कळदां असतें ती ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९६६ सालीं स्थापन झाली, आणि तिचें ठाणें पुण्यास वेताळ टेकडीवर आहे. टेकडीवर सकाळीं फिरावयास जाणाऱ्या पुणेकरांस तिचें कुंपण परिचयाचें असेल. आपल्याकडे पूर्वीं जें भारतीय चक्र वापरीत तें १०८ सेकंदांचें होतें. तें सहा वेळां फिरवावयाचें. त्याचा कमाल वेग ताशीं ४२ आणि सरासरी वेग सुमारें २२ किलोमीटर. थांबणें, निघणें, पुन्हां थांबणें, असा तो आपल्या शहरांचा ओळखीचा चेहरा होता. पुढें त्याच्या जागीं सुधारित चक्र आलें. सुधारित म्हणजे काय? तर युरोपचेंच तें जुनें चक्र. फरक एवढाच कीं, १२० चा कमाल वेग आपल्या रस्त्यांकडे पाहून ९० वर आणण्यांत आला. सव्वीस सेकंदांत पन्नासचा वेग गांठणारा तो समंजस चालक आला, आणि वातानुकूलन बंद ठेवण्याची त्याची संवयहि त्याच्याबरोबर आली. २०१७ च्या एप्रिलपासून कारखानदारांवर जें इंधनबचतीचें बंधन आहे त्याचा हिशेबहि याच चक्रावर बसविण्यांत आला. या प्रवासाचा सरासरी वेग ताशीं साडेबत्तीस किलोमीटर पडतो. संध्याकाळीं सहा वाजतां पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर हा वेग ज्यांनीं अनुभवला असेल त्यांनीं मला अवश्य कळवावें.

तफावत कोठें पडते हें समजण्यासाठीं एक ढोबळ हिशेब करून पाहूं. नऊशें किलो वजनाची गाडी ताशीं ४० किलोमीटर वेगानें जात आहे आणि पुढें लाल दिवा लागला. ब्रेक दाबला कीं तो सारा वेग उष्णता होऊन हवेंत जातो. पुन्हां तो वेग आणावयास, इंजिनाची कार्यक्षमता शेंकडा वीस धरली, तर साधारण आठ घनसेंटिमीटर पेट्रोल लागतें. म्हणजे चहाचे दीड-दोन चमचे. असे सव्वाशें दिवे झाले कीं लिटर संपला, आणि अंतर कांटण्याचा खर्च यांत धरलेलाच नाहीं. उभ्या गाडीचें लहान इंजिनहि तासाला अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक पितें. सकाळीं थंड इंजिनाला आरंभीं जास्त इंधन लागतें. तें गरम होण्याच्या आधींच मुलांची शाळा येते आणि गाडी बंद होते. परत येतांना पुन्हां तेंच. आणि आपल्या मे महिन्यांत गार हवा ही चैन राहत नाहीं. महामार्गावर निराळाच शत्रू आहे : हवेचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढतो. ८० ऐवजीं १०० नें गेल्यास तो दीडपटीहून अधिक होतो.

सरासरीचेंहि एक कोडें आहे. जातांना मोकळ्या रस्त्यानें दहा किलोमीटर लिटरला वीसच्या दरानें गेलों, येतांना तेच दहा किलोमीटर गर्दींतून दहाच्या दरानें आलों, तर सरासरी पंधरा नव्हे. जातांना अर्धा लिटर, येतांना एक लिटर. वीस किलोमीटरांस दीड लिटर, म्हणजे सव्वातेराच्या किंचित् वर. गर्दी नेहमीं आपल्या वांट्यापेक्षां जास्त ओढून घेते. युरोपांत बहुतेक ठिकाणीं शंभर किलोमीटरांस किती लिटर असा उलटा दर सांगतात, आणि २०१३ पासून अमेरिकन चिठ्ठीवरहि शंभर मैलांस किती गॅलन हें छापूं लागले.

ज्यांना आपल्या घरचा आंकडा हवा असेल त्यांना उपाय जुनाच आहे. पंपाची नळी आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी, किलोमीटरांचा कांटा लिहून ठेवावा, आणि पुढच्या वेळीं त्याच पंपावर तशीच टाकी भरून मधल्या किलोमीटरांस नव्या लिटरांनीं भागावें. एकदां करून थांबूं नये. नळी दर वेळीं त्याच जागीं बंद होत नाहीं, म्हणून आठ-दहा वेळच्या नोंदींची बेरीज घ्यावी. पावसाळ्याचे आणि उन्हाळ्याचे हिशेब वेगळे ठेवले तर अधिक बरें. डॅशबोर्डावर जो आंकडा दिसतो तो इंजिनांत सोडलेल्या इंधनाच्या अंदाजावरून काढलेला असतो. त्याला वहीवर ताडून पाहिल्याशिवाय प्रमाण मानूं नये.

युरोपनें ही वही आतां गाडींतच बसविली आहे. २०२१ पासून तेथील नव्या मोटारींत खऱ्या रस्त्यावर खर्च झालेल्या इंधनाची नोंद ठेवणारी योजना असते, आणि त्या नोंदींचे एकत्रित निष्कर्ष युरोपीय आयोगानें २०२४ च्या मार्चमध्यें प्रसिद्ध केले. नवें चक्र येऊनहि पेट्रोलच्या व डिझेलच्या गाड्या सरकारी आंकड्याहून सुमारें एक-पंचमांश अधिक इंधन घेत होत्या. पण सर्वांत मोठी तफावत निघाली ती विजेवरहि आणि पेट्रोलवरहि चालणाऱ्या, घरीं चार्ज करावयाच्या महागड्या गाड्यांत. त्यांचा खरा खर्च सरकारी आंकड्याच्या साडेतीनपट होता. कागदावरचा चालक नेमानें गाडी विजेला लावीत होता. खरे मालक त्या मानानें फारच कमी वेळां लावीत होते.